आधी पोट बघा
नेयदा कानुल शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभी राहिली आणि वर चढायला तिनं सरळ नकार दिला.

"आधी माझं पोट बघा," ती म्हणाली. "बाळाचं नव्हे. जेवणाचं."

डॉक्टर पेनिचेंचे हात धुऊन झाले होते. "बाई, रात्रीपासून तुम्ही उपाशी आहात ना?"

"उपाशीच आहे. पण काल दुपारी खाल्लेलं अजून जागचं हललेलं नाही. ढेकर येतायत त्याचे."

काल सोमवार. मेरिदा शहरातल्या प्रत्येक घरात दर सोमवारी असतो तसा तिच्याकडेही काळ्या घेवड्यात शिजवलेल्या डुकराच्या मटणाचा बेत होता, आणि तिनं जेमतेम वाटीभर खाल्लं होतं.

नेयदाला अकराव्या वर्षापासून मधुमेह. त्यात शाळेत असताना विटांच्या ट्रकवरून पडून पाठीचं हाड मोडलेलं, आत पोलादी पट्ट्या. त्यामुळे कमरेत इंजेक्शन देऊन नुसतं खालचं अंग बधिर करायची सोय नव्हती. सिझेरियनसाठी तिला पूर्ण झोपवायलाच हवं होतं. आणि झोपवणं म्हणजे काय, ते ती भोगून बसली होती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी पित्ताशयाच्या खड्यांसाठी तिला झोपवलं, तेव्हा पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं. कितीतरी दिवस ती यंत्रावर श्वास घेत होती. शुद्धीवर आल्यावर तिथल्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य ऐकलं ते हे: "चोरून खाल्लंत ना?" नवऱ्यानं आणि त्याच्या घरच्यांनीही तेच खरं मानलं. तिनं कण खाल्ला नव्हता.

"अगं, डॉक्टर चिडतील," दारातून तिचा नवरा रुसेल कुजबुजला.

"चिडू देत. छाती माझी भरणार आहे, त्यांची नाही."

पेनिचे हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "सगळ्याच गरोदर बायकांचं पोट भरलेलं आहे असं धरून आम्ही काळजी घेतो. आता चढा."

"धरू नका ना. बघा."

भूल देणाऱ्या डॉक्टर ग्रासिएला सेर्वेरा इतका वेळ औषधं भरत होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली. "बाळाचे ठोके छान आहेत, डॉक्टर. घाई नाही. मी बघते."

"ग्रासिएला, बाहेर अजून दोन बायका थांबल्यात."

"मग त्यांतली एक आधी घ्या."

सोनोग्राफीचं यंत्र ओढून आणलं गेलं. नेयदा उजव्या कुशीवर, उंच उशीला टेकून पडली. बरगड्यांच्या मधोमध, छातीच्या खाली गार जेली लागली तशी ती शहारली. सेर्वेरांनी यंत्राचा दांडा हळूहळू फिरवत जठर शोधलं. मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"ही तुमची जठराची पिशवी. रिकामी असती तर चपटी दिसली असती."

पिशवी फुगलेली होती. आत गच्च, गोळ्यागोळ्यांचं काहीतरी साचलेलं, आणि ते हलत नव्हतं.

"घेवडा," नेयदा म्हणाली.

"घेवडाच असणार. इतक्या वर्षांच्या साखरेनं जठराच्या नसा मंदावल्यात. तुम्ही उपाशी राहिलात, पण पोटाला ते कळलंच नाही."

रडायला नेयदाला वेळ नव्हता. "रुसेल! इकडे ये. हे बघ. मी खोटारडी नाही."

रुसेल आत आला, पडद्याकडे बघत राहिला, मग जमिनीकडे. "चुकलो गं," तो म्हणाला.

पेनिचेंनी हातमोजे काढून टोपलीत फेकले. "उद्या सकाळी," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

दिवसभर तिला जठर हलवणारं औषध शिरेतून मिळालं. साखर तपासून बोटांची चाळण झाली, बाळाचे ठोके ऐकणारा पट्टा पोटाला आवळलेला. सकाळी सेर्वेरांनी पुन्हा यंत्र लावलं. "जेमतेम घोटभर पाणी. आता चला." तरीही झोपवताना त्यांनी सगळी खबरदारी घेतलीच.

नेयदा जागी झाली तेव्हा घसा खवखवत होता, पण श्वास तिचा स्वतःचा होता. मुलगी झाली होती, चांगली गुटगुटीत. बाळाची साखर जराशी कमी होती म्हणून नर्स तिला दुसऱ्या खोलीत न्यायला निघाली.

"कुठं नेताय?"

"बाटलीनं दूध पाजायला, बाई. तुम्ही पडून राहा."

"आणा इकडं," नेयदा म्हणाली आणि टाके ओढत असतानाही कुशीवर वळली. "आधी माझ्याकडचं पिऊ दे. नंतर परत मोजा साखर, हवी तितक्या वेळा."

नर्सनं डॉक्टर सेर्वेरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मुलीनं पहिल्याच झटक्यात असं काही घट्ट धरलं की नेयदा कळवळली, आणि तशीच हसली.