परक्या दारचा चहा

चांगू बोटीवरून घरी परतला, पण त्याचं तोंड मेलं अजून ऑस्ट्रेलियातच फिरतंय, असं त्याच्या आईला, राहीबाईला वाटे. रोज ओटीवर माणसं जमवून तो तिथल्या समुद्रकाठच्या गावांच्या गप्पा हाणायचा.

आजही राहीबाई लेकीच्या घरून आंबेनळीचा घाट उतरून, पाय ओढत आली. चांगू समुद्रावर असताना ही लेक, आवडी, विधवा झाली होती. "दादा कधी येनार गो?" आवडीनं आज पुन्हा विचारलं होतं.

ओटीवर चांगू रंगात आला होता. "बंदरापासून कोसभर चाललो. ओळख ना पाळख, तरी एका म्हातारीनं घरात बोलावून चहा पाजला!"

राहीबाई पायरीवर टेकली. "परक्या म्हातारीकडं चालत गेलास, आन बहिणीचं दार तुला लांब पडलं? उद्या घाट चढ, चांगू. तिच्या घरचा चहा प्यायल्याबिगर माझ्या चुलीवरचा तुला मिळायचा नाय."