शालूचं रीडिंग

कुलूप तुम्हीच लावलंत, दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका. पालम तालुक्यातल्या या कॉलेजात दोन वर्षं प्रयोगशाळेचं दार उघडलं नाही, आणि पोरांच्या जर्नलात मात्र सगळे प्रयोग सही-शिक्क्यासकट पूर्ण. तुम्ही शिक्षण खात्याचे साहेब म्हणून तपासणीला आलात, चहा प्यालात, जर्नलांची चळत बघून "छान" म्हणालात नि गाडीत बसलात.

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी ते दार उघडलं. केमिस्ट्रीचे आदिनाथ सर टेबलांमधून फिरत हळूच सांगत होते, "ब्युरेट भरा, केल्यासारखं करा. रीडिंग सगळ्यांनी दहा पॉइंट दोन लिहा. किती?"

"दहा पॉइंट दोन!" सगळा वर्ग एका सुरात.

शालू तेवढी हातातली ब्युरेट निरखत होती. भागुबाईची ही पोर मेंढरांमागं वाढलेली. ब्युरेटची लांब काचेची नळी तिनं जन्मात पहिल्यांदा धरली होती, पण आतलं जांभळं पाणी तिच्या चांगलंच ओळखीचं. पावसाळ्यात मेंढरांची खुरं सडली की भागुबाई हीच दवाई घमेल्यात कालवायची. गडद झाली तर कातडं भाजतं, फिकी झाली तर खूर बरं होत नाही. सातव्या वर्षापासून त्या रंगावर नजर शालूची. पुस्तकातलं पोटॅशियम परमँगनेट म्हणजे आपल्या घरचीच दवाई, हे कळलं तेव्हा ती एकटीच हसत सुटली होती.

तिनं तोटी सोडली. थेंब खालच्या चंबूत पडला नि रंग विरला. दुसरा पडला, तोही विरला. असं करता करता एका थेंबाला पाणी कांद्याच्या पापुद्र्यासारखं गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. आठ पॉइंट सहा. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदाही तेच.

शेजारची बबिता कुजबुजली, "ये येडे, काय करायलीस? मार्क जातील की!"

"जे आलं तेच लिवायले."

"लय शानी झालीस!"

सरांनी तिचा कागद बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. "खोड ते. यात उडालीस तर बारावी उडाली. मग बस मेंढरं वळत."

शालूनं कागद आपल्याकडं ओढला. म्हणाली, "तीन बार केलंय सर. न्हाई खोडणार."

बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक धम्मशीला मॅडम कागद चाळत तिच्यापाशी थांबल्या. "तुझं एकटीचंच वेगळं कसं?"

"बघा करून," शालू म्हणाली.

मॅडमनी खरंच पदर खोचला. एकेक थेंब चंबूत पडत गेला. तोटी बंद झाली. मॅडमनी आकडा दोनदा वाचला.

"आठ पॉइंट सहा." त्यांनी चंबूत ओतलेल्या द्रावणाची बाटली वर धरली. "हे जुनं होऊन बिघडलंय. ताजं असतं तर दहाच्या वर गेलं असतं. पोरी, कुठं शिकलीस गं?"

"आमच्या आईच्या घमेल्यात."

वर्ग खो-खो हसला. मॅडमही हसल्या आणि तिच्या कागदावर पहिली सही केली. शालूची मान अशी ताठ झाली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून बघायला लागली.

मग ती सरांकडं वळली.

"सर, ही बबिता माझ्याहून हुशार हाय. दहावीला तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त. तिच्या कागदावर दहा पॉइंट दोन लिवलंय, ते तिचं न्हाई. तिला करू दिलं असतं तर तिचं किती आलं असतं? खाली बघू नका सर. सांगा, किती आलं असतं?"