फोटोत कुणाचा हात नको

मालनने दोन महिन्यांच्या नातीच्या फोटोची जेवढी धास्ती घेतली तेवढी लेकीच्या बाळंतपणाचीही घेतली नव्हती. बाळंतपण सुखरूप झालं, बारसं झालं, काळाचौकीच्या चाळीत दारोदार घुगऱ्या वाटून झाल्या. मग कळलं, की नातीला, आरोहीला, आईबरोबर फिनलंडला न्यायचं तर तिकडचं रहिवासाचं कार्ड लागतं आणि कार्डाला फोटो लागतो.

त्यात काय एवढं, असं मालन म्हणाली. तेव्हा तिच्या लेकीने, रुचाने, मोबाइलवरचे नियम वाचून दाखवले. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, हसायचं नाही, रडायचं नाही. मागे पांढरं हवं, सावली नको. आणि फोटोत दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. ज्या पोरीने अजून मान धरली नाही तिने कुणाच्या हाताशिवाय कॅमेऱ्याकडे बघायचं कसं, ते मात्र लिहिलेलं नव्हतं. नियम करणाऱ्याने जन्मात पोर मांडीवर घेतलं नसणार, असं मालनचं मत पडलं.

पण थट्टा करण्याची वेळ नव्हती. रुचाच्या स्वतःच्या कार्डाची मुदत गणपतीनंतर संपत होती. त्याआधी तिला तिकडे पोचायलाच हवं होतं, नोकरीही खोळंबली होती. आरोहीचं कार्ड तोवर आलं नाही तर पोरीला इथे आजीकडे ठेवून जायचं, असं जावई वरद फिनलंडहून फोनवर म्हणाला. त्याच्या दृष्टीने प्रश्न दोन-तीन महिन्यांचा होता. फोन ठेवल्यावर रुचा मोरीत जाऊन नळ सोडून रडली. चाळीत भिंती पातळ असतात. मालनला सगळं ऐकू आलं.

लेकीसाठी मालनचा जीव तुटला, हे खरंच. पण त्याच वेळी तिच्या मनात दुसरंही काहीतरी हललं. राहिली पोर, तर राहिली. नवरा गेल्यापासून ही खोली संध्याकाळी तिला खायला उठायची. आता दांडीवर दुपटी वाळत होती, धुरीचा वास होता. हा विचार मनात आला आणि मालन स्वतःलाच भ्याली. अंगावर पिणारं लेकरू आईपासून तुटावं असं आपल्याला वाटतं म्हणजे काय!

पहिला फोटो रुचाने घरीच काढला, पांढऱ्या चादरीवर झोपवून. तो परत आला. चेहऱ्यावर खूण आहे, असं कारण दिलं होतं. दोघी मायलेकी फोटो मोठा करून बघत बसल्या, तरी कितीतरी वेळ त्यांना खूण सापडेना. मग लक्षात आलं, ती गालावरची तीट होती. आंघोळ, धुरी, डोळ्यांत काजळ आणि मग दृष्ट लागू नये म्हणून गालावर काळा ठिपका, हे मालनच्या हाताचं रोजचं काम. चाळीत वाढलेल्या माणसाला बाळाच्या गालावरची तीट दिसतच नाही. नाक असावं तशी ती असतेच.

दुसऱ्या वेळी रुचाने बजावलं होतं, आज काहीही लावायचं नाही. लालबागच्या स्टुडिओत पोचल्यावर दुपटं बाजूला केलं तर कानशिलाजवळ तीट होतीच. बोट आपोआप गेलं, असं मालन म्हणाली. ते सगळं खरं नव्हतं. पुसायला गेल्या तर काजळ फरफटलं आणि पोरीने भोकाड पसरलं. स्टुडिओवाला हितेंद्र म्हणाला, टेन्शन घेऊ नका, मी आहे ना. त्याने कॉम्प्युटरवर तीट पुसली आणि हात चालूच होता म्हणून लग्नाच्या मुलींना करतो तसं आरोहीला गोरंही केलं. तो फोटोही परत आला. फोटोत फेरफार केलेला चालत नाही.

आता हा तिसरा फोटो. हाही परत आला असता, तर कार्ड गणपतीपर्यंत होणं शक्य नव्हतं. रुचा घाईने स्टुडिओकडे निघाली होती. मालनने आरोहीला पदराखाली घेतलं होतं, आणि उघड्या कोऱ्या गालाची ती पोर समोरून येणाऱ्या प्रत्येकापासून झाकत होती. काजळाची डबी तिच्या कमरेला होती, पण तिने हात लावला नाही.

स्टुडिओत टेबलावर ठेवलं की आरोही किंचाळायची. रुचाच्या मांडीवर दिलं की दुधासाठी तोंड उघडायची. हितेंद्र घामाघूम झाला. बाहेर मंडळाच्या पोरांनी ताशावर हात साफ करायला सुरुवात केली होती. शेवटी त्याने मोठी पांढरी चादर काढली.

"काकी, तुम्ही खुर्चीवर बसा. चादर तुमच्या अंगावरून टाकतो, डोक्यासकट. बाळ चादरीवरून तुमच्या मांडीत. हात आतूनच धरायचे, बाहेर नाय काढायचे."

मालन बसली. चादर पडली आणि सगळं धूसर पांढरं झालं. तिला काही दिसत नव्हतं, फक्त कापडापलीकडचं ते ऊबदार वजन हाताला लागत होतं. तळव्यात पोरीचं डोकं होतं. आरोही मुसमुसत होती. रुचाचा आवाज आला, बारीक आणि घाबरलेला, "आई, तुझ्याकडे ती गप्प राहते. बघ ना."

तेव्हा मालनला लख्ख कळलं, की आता सगळं आपल्या हातात आहे आणि तो हात कुणाला दिसत नाही. मांडी जराशी कलंडली, बोट जरा दाबलं गेलं, तर पोर रडेल. आजचा दिवस जाईल. पोर राहील. कुणी दोष देणार नाही, लहान मुलं रडतातच. छातीतले ठोके पोरीला ऐकू जातील असं वाटलं. मग मोरीतला तो नळ आठवला; त्याच्याआडचं रुचाचं रडणं पोरीला ऐकू आलं नव्हतं, आजीला आलं होतं.

तिने चादरीच्या आतून आरोहीचा तळपाय शोधला. धुरी देताना फिरवायची तसा अंगठा तिने त्यावर हळूहळू फिरवला. मुसमुसणं थांबलं. ताशा वाजत होता, तरी मांडीवरचं वजन सैल, शांत झालं. मालनने श्वास रोखून धरला. क्लिक झालं. मग आणखी एकदा.

"आला," हितेंद्र म्हणाला. "एकदम नियमातला आला."

बाहेर पडल्यावर फुटपाथवरच मालन थांबली आणि दुसऱ्या वेळची तीट आपोआप नव्हे, आपण जाणूनबुजून लावली होती, हे तिने सांगून टाकलं. रुचाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मला कळलं होतं, आई," ती म्हणाली. मग आरोहीचा गाल आईकडे वळवून म्हणाली, "लाव आता. चांगली मोठी लाव."

फोटो पास झाला. गणपतीत कार्डही आलं आणि विसर्जनानंतर रुचा आणि आरोही दोघी गेल्या. हितेंद्रने दिलेली एक जादा कॉपी मालनने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली. शेजारची मीनाक्षी, मालनच्याच मालवणी मुलखातली, खोली सुनी झाली म्हणून बसायला आली, तेव्हा तिने चष्मा लावून फोटो पाहिला. कोऱ्या गालाची, मिटल्या ओठांची एवढीशी पोर, आणि भोवती सगळं पांढरं.

"बाळ एकटाच गो फोटोत?"

"एकटा खंय," मालन म्हणाली, आणि तिने आरोहीच्या मागच्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यां सगळा पांढरा दिसता मां, तां मी."