दार उघडं ठेवून

"मुलगी काय करते?" असं कोणी विचारलं की चावीकाकांचं तोंड वाकडं व्हायचं. "कॉम्प्युटरचं काहीतरी," एवढं बोलून ते पुन्हा कानस चालवायला लागायचे. अख्खा जन्म कुलपं बसवण्यात गेला आणि एकुलत्या एक पोरीने दुकानाकडे पाठ फिरवली! आपली विद्या आपल्याबरोबरच जाणार, हे दुखणं माणूस चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगणार?

सुट्टीचा दिवस होता, दुकान बंद. पोरगी मात्र खोलीत कामाला बसलेली. काका दोन कप चहा घेऊन गेले तर समोर नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. ना चित्र, ना रंग. माउस बाजूला उताणा पडलेला.

"काय गं, बिघडलंय का हे?"

"नाही हो बाबा. अँब्युलन्स बोलावायचे फोन ज्या सर्व्हरवर येतात ना, तो दुसऱ्या गावात आहे. इथे बसून मी त्याच्यातली फाईल बदलतेय. आत कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, ते या फाईलवर ठरतं."

"आणि चुकलं तर?"

"तर मीच बाहेर! तिथली खोली आज कुलूपबंद. मध्येच काही बिघडलं तर दुरुस्त करायला कोणाला आत शिरता येणार नाही, आणि इकडे लोक फोन करत बसतील." "पहिल्यांदाच एकटीवर सोपवलंय. तेही मीच हट्टाने मागून घेतलंय."

काका गुपचूप स्टुलावर टेकले. तिची बोटं मात्र अशी चालत होती की बघत राहावं. एक ओळ उडवली, दुसरी घातली, एस्केप दाबलं, दोन टिंबं, दोन अक्षरं, एंटर. फाईल सेव्ह. मग तिने नवा नियम लागू केला. तेवढ्यात फोन वाजला आणि तिने तो स्पीकरवर टाकला. तिच्या मॅडम होत्या.

"झालं ना? मग बंद कर सगळं. मला वर कळवायचंय."

"एक मिनिट, मॅडम. ही खिडकी उघडीच ठेवते. आधी दुसरीतून आत जाऊन बघते."

"अगं, फाईल तपासलीस ना?"

"तपासली. तरी."

काकांचा कप ओठांपाशीच थांबला. हे 'तरी' त्यांच्या ओळखीचं होतं.

तिने पडद्यावर दुसरी खिडकी उघडली. सर्व्हरने नकार दिला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नकार. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ती पहिल्या खिडकीकडे वळली, फाईल उघडून ओळ वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! सगळे फोन आत घेतले आणि दुरुस्ती करणाऱ्यांनाच विसरले, स्वतःसकट!"

आधीच आत असलेल्याला सर्व्हर बाहेर काढत नाही, म्हणून पहिली खिडकी शाबूत होती. तिने तिथूनच ओळ नीट केली आणि दुसऱ्या खिडकीतून पुन्हा हाक दिली. या वेळी सर्व्हरने मुकाट्याने आत घेतलं.

फोनवर मॅडम म्हणाल्या, "माझं ऐकून बंद केलं असतंस तर वाट लागली असती गं. कुठल्या कोर्सला शिकलीस हे?"

"कोर्स कसला, मॅडम! बाबांच्या दुकानात. नवं कुलूप बसवलं की बाबा दार उघडं ठेवूनच चावी फिरवून बघायचे. गिऱ्हाइकाने कितीही घाई करू दे, चावी फिरल्याशिवाय दार लोटायचं नाही. मी शेजारी बसून गृहपाठ करायचे ना, सगळं बघायचे."

काकांनी उरलेला चहा तसाच खाली ठेवला. "साखर जास्त पडली वाटतं," असं काहीतरी पुटपुटत ते उठले.

दुसऱ्या दिवशी शेजारचा घड्याळवाला सहज म्हणाला, "काय काका, पोरगी काय करते हल्ली?"

काकांनी कानस खाली ठेवली, चष्मा पुसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कुलपं बसवते! दुसऱ्या गावातल्या दारांना. घरात बसून!"