फेलिस्बेलाची माती

फादर अबीलियुंकडे नऊ गावं होती आणि एक जुनी गाडी. त्यामुळे डोंगरातल्या उर्झेदा गावात मिस्सा, म्हणजे फादरांनीच करायचा ख्रिस्तयाग, व्हायचा तो दर तिसऱ्या रविवारी. मधल्या दोन रविवारी देवळात प्रार्थना चालवायची देओलिंडा.

देओलिंडा एकसष्ट वर्षांची होती. गावची शाळा होती तोवर शाळेत स्वयंपाक केला. मुलंच उरली नाहीत तशी शाळा बंद झाली. मग फादरांनी तिला प्रार्थना चालवायचं शिकायला ब्रागान्सा शहरात धाडलं आणि बिशपांचं परवानगीचं पत्र आणून दिलं. ती शुभवर्तमान वाचायची, चार शब्द बोलायची आणि फादरांनी ठेवून दिलेला ख्रिस्तप्रसाद वाटायची. गाव बायाबापड्यांचं, सगळ्यांना ते रुचलं. रुचलं नाही ते किंतीनुला.

ऐंशीचा किंतीनु त्या दोन रविवारी बायकोला देवळाच्या दारापर्यंत सोडायचा आणि बाहेर भिंतीला टेकून बसायचा. फेलिस्बेला मात्र पहिल्या बाकावर. पुढे ती अंथरुणाला खिळली, तेव्हा देओलिंडा दर शुक्रवारी तिच्यासाठी प्रसाद घेऊन घरी जाऊ लागली. ती दारात दिसली की किंतीनु चेस्टनट निवडायला गोठ्यात निघून जाई. दोघी मैत्रिणी मग प्रार्थना करत, आणि ती उरकली की सुनांच्या, कोंबड्यांच्या गप्पा मारत.

जानेवारीत फेलिस्बेला गेली. त्याच दिवशी बर्फ पडायला लागलं ते थांबेचना. लेक झुल्मीरा आदल्या दिवशीच पोर्तोहून येऊन पोचली होती म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी फादरांचा फोन आला: घाट बंद आहे, किती दिवस ते सांगता येत नाही, माती देओलिंडाने द्यावी.

"थांबू आपण," किंतीनु म्हणाला.

"बाबा, आई दोन दिवस बैठकीच्या खोलीत आहे," झुल्मीरा म्हणाली. "आणखी किती ठेवायचं तिला?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गुडघाभर बर्फ तुडवत देओलिंडाच्या दाराशी आला. तिने खुर्ची दिली, तो बसला नाही.

"परवापरवापर्यंत शाळेत सूप ढवळत होतीस तू," तो म्हणाला.

"ढवळत होते की. तुमची झुल्मीरा दोन-दोन वाट्या प्यायची."

"थट्टा नको पोरी. मला एवढंच सांग. तू म्हटलेलं तिला लागू पडेल का?"

देओलिंडाने हात पुसले. तिला खोटं बोलवेना.

"काका, मी फादर नाही. आशीर्वाद मी देत नाही, मी मागते. सगळ्यांच्या वतीने. तो देणारा वेगळा आहे, त्याला घाट आडवा येत नाही."

"तुझ्या रविवारांबद्दल मी कधी चांगलं बोललो नाही," तो म्हणाला. "ती बोलायची. घरी येऊन तू काय वाचलंस ते सगळं ऐकवायची मला. नको म्हटलं तरी."

"मग?"

"मग काय. अकराला आणतो तिला."

गडीमाणसांनी देवळापासून दफनभूमीपर्यंत वाट मोकळी केली. जमीन इतकी गोठली होती की कुदळीतून ठिणग्या उडत होत्या. अकराला देऊळ भरलं. भरलं म्हणजे तेवीस माणसं. देओलिंडा आपला निळा कोट घालून शवपेटीशी उभी राहिली. पहिलं वाचन नीट झालं. शुभवर्तमान झालं. मग पुस्तकात जिथे नाव भरायचं असतं तिथे ती आली. "तुझी सेविका..." म्हणाली, आणि फेलिस्बेलाचं नाव काही तिच्या तोंडून निघेना.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. अक्षरं दिसेनात. शुक्रवारच्या त्या गप्पा, ती कोंबड्यांची हालहवाल, सगळं एकदम आठवलं.

तेव्हा पहिल्या बाकावरून किंतीनु उठला. "फेलिस्बेला," तो घोगऱ्या, मोठ्या आवाजात म्हणाला. "फेलिस्बेला दा आसुन्साँव." आणि खाली न बसता त्याने 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं. दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी सूर मिळवला. प्रार्थना संपेपर्यंत देओलिंडाला आवाज परत सापडला होता. राहिलेलं तिने शेवटपर्यंत नेलं. खड्ड्याशी पवित्र पाणी आधी तिने शिंपडलं, मग पात्र किंतीनुच्या हाती दिलं. निम्मं पाणी त्याच्याच बुटांवर सांडलं.

पाच दिवसांनी घाट उघडला. फादर आले आणि फेलिस्बेलासाठी मिस्सा केला. नंतर त्यांनी हळूच विचारलं, "किंतीनु, थडग्यावर पुन्हा प्रार्थना म्हणू का? तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर."

"कशाला?" किंतीनु म्हणाला. "नीट दिलीय माती. फुलं ठेवायची असतील तर चला."

देओलिंडाच्या पुढच्या रविवारी तो भिंतीशी थांबला नाही. आत येऊन फेलिस्बेलाच्या जागेवर बसला. प्रसादाच्या वेळी मात्र जागचा हलला नाही, आणि देओलिंडानेही त्याच्याकडे पाहिलं नाही. बाहेर पडताना तो तिच्याजवळ थांबला.

"फार घाईने वाचतेस. संत पौलाचं पत्र आहे ते, किराण्याची यादी नाही."

"मग तुम्ही वाचा ना काका."

"चष्मा जुना झालाय माझा."

"ब्रागान्साला मिळतात नवे. मंगळवारी बस आहे."

तो पुटपुटत निघून गेला. पण मंगळवारी बसमध्ये चढताना लोकांनी त्याला पाहिलं.

चाळीस दिवसांच्या उपासकाळातल्या पहिल्या रविवारी किंतीनुने पहिलं वाचन वाचलं, एकेका शब्दावर रेंगाळत, इतकं सावकाश की पाठीमागच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. प्रसाद तो अजूनही फादर येतील त्याच रविवारी घेतो. देओलिंडाने त्याबद्दल त्याला कधी विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळी दोघं तिच्या स्वयंपाकघरात बसून उद्याच्या वाचनाची तयारी करतात, आणि वाचताना कुठे थांबायचं यावरून त्यांचं हमखास भांडण होतं.