बुडवलेल्या क्लिपची कैफियत

मित्रांनो, मी कर्वेनगरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जुनी क्रोकोडाइल क्लिप आहे. तोंड मगरीसारखे, अंग स्टीलचे. हडपसरच्या एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवले, तेव्हाच माझे काम ठरले होते. धातूची पट्टी तोंडात धरायची आणि तारेतली वीज तिच्यापर्यंत पोचवायची. पाण्यात उतरणे त्यात नव्हते. पण ऐकतो कोण?

ऋतुजा इथे पीएचडी करते. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा तर जोडीने ऑक्सिजनही निघावा लागतो, आणि तो भलताच आडमुठा. त्याला बाहेर काढण्यातच पुष्कळ वीज वाया जाते. हे काम सोपे व्हावे म्हणून ऋतुजाने कोबाल्टचा एक लेप तयार केला. लेप महाग, म्हणून तो लावलेली पट्टी नखाएवढी. ती क्षाराच्या पाण्यात पोचावी म्हणून मलाही बुडवले. अहो, नाकातोंडात पाणी गेले माझ्या.

आता वीज सुरू झाल्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे कुठून येणार? माझ्या जबड्यातून. स्टीलमधले लोखंड आणि निकेल हे काम बऱ्यापैकी करतात. पण सगळ्यांचे डोळे कॉम्प्युटरला चिकटलेले. विजेचा आकडा मोठा म्हणजे ऑक्सिजन जास्त; तो बघून ऋतुजाचे मार्गदर्शक इंद्रजीत सर खूश झाले. लेपाचे कौतुक झाले, पेढे वाटले. शोधनिबंध छापून आला की ऋतुजाची पीएचडी झाल्यातच जमा होती. माझ्या अंगावर क्षाराची पांढरी पुटे चढली, तरी मला विसळावे असे कुणाला वाटले नाही. असा संताप झाला म्हणून सांगू!

निबंध पाठवण्याआधी ऋतुजाने सहज एक कोरी, बिनलेपाची पट्टी माझ्या तोंडात दिली. आकडा जवळपास तोच आला. तेव्हा कुठे बाईंनी वाकून काचेतून पाहिले. मग पाणी कमी करून, मला वर ठेवून, लेपाची पट्टी लावली. आकडा निम्म्याहून खाली घसरला.

सर म्हणाले, "अगं, क्लिप थोडी बुडाली तर बिघडलं कुठे? आकडा छान येतोय की."

"मग निबंधात लेपाऐवजी क्लिपचं नाव घालू या, सर," ऋतुजा म्हणाली.

निबंध गेला नाही, पीएचडी लांबली. ऋतुजा माझ्यासमोरच रडली, मग तिने मला घासूनपुसून ठेवले आणि नवा लेप ढवळायला बसली. मला फार वाईट वाटले, आणि बरेही वाटले.

मित्रांनो, आपल्या वस्तू स्वच्छ ठेवा आणि ज्या कामाच्या त्याच कामाला लावा. नाहीतर आम्ही नको तिथे राबतो आणि शाबासकी भलत्यालाच मिळते. ऋतुजाचा आकडा अजून लहानच येतो. पण तो येतो तेव्हा मी कोरडी असते.