पान चौदावरची अट

आठ महिने मी चुकीचं पान वाचत होते. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेचं पान अकरा. ते इतकं वाचलं की पुस्तिका टेबलावर नुसती ठेवली तरी आपोआप तिथेच उघडायची. ‘दंततंत्रज्ञान पदवी, कालावधी चार वर्षं. पात्रता: बारावी, गणित विषयासह, किमान पन्नास टक्के.’ मी बारावी झाले ती कला शाखेतून, आणि गणिताशी माझं वाकडं आहे ते सातवीपासून.

मी कवळ्या बनवते. बावीस वर्षं एकाच लॅबमध्ये, एकाच खिडकीशी. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप, म्हणजे ठसा, पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, साच्यावर मेणात दात बसवते, मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरते, घासते, चमकवते आणि डबीत घालून परत पाठवते. डबीवर नाव डॉक्टरांचं. आतल्या चिठ्ठीवरही डॉक्टरांचंच. माझं नाव कुठेच नसतं, आमच्या धंद्यात तशी पद्धतच नाही. माझे दात शहरभर हसतात, जेवतात, भांडतात, पण ते कुणाच्या तोंडात आहेत हे मला ठाऊक नसतं.

याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. मग नियम आला. पाच वर्षांनंतर लॅबमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कामावर पदवीधर तंत्रज्ञाची सही लागणार. मालक स्वभावाने बरे, म्हणून त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

“कुणीतरी डिग्रीवाला ठेवावा लागेल. काम तूच करायचंस. तो फक्त सही करेल.”

फक्त! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं बोटं मी भाजून घ्यायची आणि सही काल आलेल्याने ठोकायची? “डिग्री मीच आणते,” मी म्हटलं. मालकांनी चष्मा काढून पुसला. काही बोलायचं नसलं की ते चष्मा पुसतात.

पुस्तिकेत वाटा तीन होत्या. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, ज्याला लिहितावाचता येतं त्या कुणालाही. त्यातलं सगळं मी झोपेत शिकवलं असतं. दोन वर्षांची पदविका, दहावी पास असलं की झालं. तिथे मी डोळे मिटून आत गेले असते, पण तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की पदविकाधारकाला सहीचा अधिकार नाही. राहिली पदवी. म्हणजे गणित.

माझी लेकही यंदा बारावीलाच. “ए आई, तू सरळ माझ्या वर्गात येऊन बस,” ती म्हणाली. तिने मला गणित शिकवलं. म्हणजे तिने शिकवलं आणि मी तिच्यावर ओरडले. बाहेरून परीक्षेला बसले. पेपर बरा गेला, पण निकाल लागायला दीड महिना होता आणि प्रवेश या शुक्रवारी बंद होणार होते.

मंगळवारी दुपारी, डबा न उघडताच, मी प्रवेश कार्यालयात फोन लावला. निकाल नंतर दिला तर चालेल का?

“निकाल नाही तर प्रवेश नाही,” पलीकडच्या बाई म्हणाल्या.

“अहो, बावीस वर्षं मी हेच काम करतेय.”

“मग पान अकरा कशाला वाचताय? तुमचं पान चौदा.”

पान चौदा मी शंभर वेळा उलटलं असेल. त्यावर मथळा होता: ‘अनुभवी कारागिरांसाठी.’ कारागीर म्हणजे सुतार, गवंडी, असं माझ्या डोक्यात. मी आपली पांढरा कोट घालणारी, स्वतःला टेक्निशियन म्हणवणारी. त्या कोटाच्या तोऱ्यात माझे आठ महिने गेले. आता वाचलं तर गणिताचं नावही नव्हतं. दहा वर्षांचा अनुभव, आणि स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू, जी किमान पाच वर्षं वापरात आहे. सोबत तिचा मूळ साचा. साचा नसेल तर वापरणाऱ्याने वस्तूसह प्रत्यक्ष हजर राहून ती कुणी केली ते सांगायचं.

साचा!

आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुने साचे फोडतात, नाहीतर फळ्यांवर जागा राहत नाही. बाकीचे ते काम दिवसभर रेंगाळत करतात. मला धूळ सहन होत नाही, म्हणून मी हातोडी घेते आणि दुपारच्या आत मोकळी होते. आदल्याच दिवशी, सोमवारी, मी चार पोती भरून दिली होती. मागच्या फळीवर एक साचा मी अकरा वर्षं जपून ठेवला होता. हातोडीच्या भरात म्हटलं, हा तरी कशाला हवाय आता, आणि तोही फोडला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तो साचा माझ्या सासूबाईंचा होता.

बुधवारी मी ज्यांच्याकडे आमचं काम जातं त्या दोन डॉक्टरांना भेटले. जुना एखादा पेशंट मिळेल का, तासाभरासाठी? दोघांनी एकच उत्तर दिलं. पेशंटची माहिती देता येत नाही. एक तर म्हणाले, “आणि पेशंटला काय सांगू? दात मी केले नाहीत म्हणून?” खरंच होतं त्यांचं. हजारो माणसांना दात दिले मी, आणि ओळखीचं तोंड उभ्या शहरात एकच.

आणि त्या तोंडापुढे मला तोंड उघडवत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंचे वरचे दात काढावे लागले, तेव्हा त्या दोन महिने खोलीबाहेर आल्या नाहीत. दाराआडून बोलायच्या. मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्यालासुद्धा आत येऊ देत नसत. माप डॉक्टरांनी घेतलं, पण मेणात बसवलेले दात लावून बघायला मी घरी आणायचे. पहिल्या खेपेला त्यांनी आरशात पाहिलं आणि आरसा पालथा घातला. “हे माझे नाहीत. हे टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचे आहेत.” मी चौदा वेळा दात काढून पुन्हा लावले. शेवटी त्यांचा लग्नाआधीचा एक फोटो सापडला, खळखळून हसतानाचा. त्यात डावीकडचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. मी कवळीत तो दात तसाच फिरवून बसवला. आमच्या धंद्यात याला चूक म्हणतात. सासूबाईंनी आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “हं. कुकर लाव आता.” त्या दिवशी त्या खोलीबाहेर जेवायला आल्या.

तेव्हापासून त्यांना कवळीशिवाय कुणी पाहिलेलं नाही. धुतातही दाराला कडी घालून. नातीलाही ते दात खोटे आहेत हे दोनच वर्षांपूर्वी कळलं. अशा बाईला मी काय सांगणार होते? चला, आणि चारचौघांत दात काढून टेबलावर ठेवा?

गुरुवारी माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. लॅबमध्ये मेण दोनदा जाळलं. घरी आले ती भाजी निवडायला बसले आणि देठ ठेवून पानं फेकली. उठले, खिडकी लावली, उघडली, पुस्तिका उघडली, मिटली. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या.

“पायाला भिंगरी लागलीय का? एक काय ते बोल आणि खाली बस.”

मी बोलून टाकलं. उभ्यानेच, एका दमात. पान अकरा, पान चौदा, चार पोती, दोन डॉक्टर, सगळं. शेवटचं वाक्य तेवढं सोडलं, पण ते त्यांना कळलं. त्यांचा हात आपोआप ओठांवर गेला.

“मेले तरी नाही,” त्या म्हणाल्या.

“आई, पाच मिनिटांचं काम आहे.”

“तुझ्या डिग्रीसाठी मी लोकांत बोळकं दाखवू? या वयात?”

आणि माझा तोल गेला. बावीस वर्षं या घरात राबतेय, कधी काही मागितलं नाही, एकदा मागितलं तर ते दात, तेही मीच केलेले! असं मी म्हणाले. माझे मलाच शब्द ऐकू आले आणि कान तापले. सासूबाई उठल्या, खोलीत गेल्या, कडी लागली. अकरा वर्षांपूर्वी लागायची तशीच.

नवरा लांबच्या फेरीवर ट्रक घेऊन गेलेला. फोनवर म्हणाला, “आईला नको छळूस. पदविकेचा फॉर्म भर. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.” तो चुकीचं बोलत नव्हता, याचाच जास्त राग आला.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला मी पदविकेचा फॉर्म घेऊन रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे अकरा जण, सगळे लेकीच्या वयाचे. चार वाजले. रांग पुढे सरके, मी मागे सरके. दोनदा मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले, तहान नसताना. पदविका घ्यायची, दोन वर्षं शिकायचं, आणि पुन्हा कुणाच्या तरी सहीखाली बसायचं, हे मी स्वतःला समजावत होते. पण मन काही समजून घेत नव्हतं. चार वीसला माझ्यापुढे दोघेच उरले.

“सरक जरा पुढे,” मागून आवाज आला. “पावणेपाचला बंद करतात असं पाटीवर लिहिलंय.”

सासूबाई. ठेवणीतले कपडे, हातात पर्स, आणि शेजारी माझी लेक, डोळ्यांनीच ‘मी काही केलं नाही’ असं सांगणारी.

“आई, तुम्ही...”

“तो फॉर्म फाड आधी. दुसरा आणलाय हिने.”

प्रवेशाच्या बाईंनी कागद पाहिले आणि आतून तपासनीस बोलावले. उंच, वाकलेले, कपाळावर भिंग सरकवलेले गृहस्थ. “वस्तू कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी मागे पाहिलं. रांगेत अजून सात-आठ मुलं होती. मी म्हटलं, “आत एखादी खोली असेल तर...” तोवर त्यांनी पर्समधून स्वच्छ रुमाल काढला, खिडकीच्या कट्ट्यावर पसरला, तोंडात दोन बोटं घातली आणि कवळी काढून त्यावर ठेवली. त्यांचा चेहरा एकदम खाली बसला. अकरा वर्षांत मी तो पाहिला नव्हता. हात ओठांकडे निघाला होता, तो त्यांनी अर्ध्यातच कट्ट्यावर टेकवला आणि घट्ट धरून ठेवला.

तपासनीसांनी कवळी उचलली. भिंग डोळ्यावर घेतलं. कडा पाहिल्या, टाळूकडची बाजू नखाने चाचपली, उजेडात धरून फिरवली. “काम चांगलं आहे,” ते म्हणाले, आणि थांबले. “पण हा डावीकडचा दात फिरलाय. मेणात हलला का? ही चूक अनुभवी हाताची नाही.”

मी सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या. दातांशिवाय त्यांचे शब्द फुसफुसत येत होते, आवाज मात्र खणखणीत.

“तो तसाच होता. माझा. हिने चौदा वेळा काढला आणि लावला. मी दोन महिने दार लावून बसले होते, त्या दातामुळे बाहेर आले.” मग माझ्याकडे बोट करून, “हिने केलेत. माझ्या सुनेने.”

तपासनीसांनी पुन्हा भिंगातून पाहिलं. या वेळी बराच वेळ, तो एकच दात. शेजारच्या दाताला त्याची कड कुठे टेकते ते पाहिलं. मग भिंग कपाळावर सरकवलं, माझ्या फॉर्मवर ‘पात्र’ असा शिक्का मारला आणि खाली सही केली.

“फाइलसाठी फोटो काढावे लागतील,” ते ओशाळून म्हणाले. “कवळी सोमवारी परत मिळेल. चालेल ना, आजी?”

मी ‘नाही’ म्हणणार होते. सासूबाई म्हणाल्या, “ठेवा. पण गरम पाण्यात घालू नका, वाकते.”

बाईंनी पावती फाडून दिली. ती न बघताच मी मुठीत धरली.

बसमध्ये लेकीला मागे जागा मिळाली, आम्ही दोघी पुढे. मला बोलायचं होतं, कालच्याबद्दल माफी मागायची होती. पण त्याआधीच सासूबाईंनी माझी मूठ उघडली.

“काय लिहिलंय? चष्मा नाहीय माझा.”

मी पावती सरळ केली. “वस्तू: वरची कवळी, एक. वापर: अकरा वर्षं. बनवणार...” पुढे त्या बाईंच्या गोल अक्षरात माझं नाव होतं. पूर्ण नाव, माझ्या कामासमोर, छापील रकान्यात. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“मोठ्याने वाच. इंजिनाचा आवाज आहे.”

मी मोठ्याने वाचलं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. सासूबाईंनी रुमाल तोंडावर न धरता मांडीवरच ठेवला आणि त्याच्याकडे बघून खळखळून हसल्या, त्या फोटोतल्यासारख्या.

“नाव परत वाच,” त्या म्हणाल्या.